शालनमावशींचे साठ

“नाव कुठंबी येणार न्हाई न्हवं?” शालनमावशींनी तिसऱ्यांदा विचारलं.

जेवणाची सुट्टी होती. कोअर शॉपच्या मागच्या शेडमध्ये चौदा बायका गोल करून बसल्या होत्या आणि मधोमध मी, मांडीवर वही घेऊन, तोंडी परीक्षेला बसल्यासारखी. डबे उघडले होते, पण कुणी घास मोडला नव्हता.

“नाही येणार,” मी म्हणाले. “कागदावर एक ते चौदा एवढे आकडेच असतील. कुठला आकडा कुणाचा, ते मला माहीत आणि नोंदी करणाऱ्या छबूला. तिसऱ्या कुणाला कळणार नाही. माझ्या तोंडून कुणाचं नाव निघणार नाही, मावशी. शब्द देते.”

मावशींनी सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली. मग भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाल्या, “घाला गं मग आपापलीच खूण. मॅडम एवढं म्हणत्यात तर.”

तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. शब्द देताना माझी जीभ कधी अडखळत नसे.

गोष्ट गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतल्या एका फौंड्रीची आहे. संख्याशास्त्रात एम.एस्सी. करून मी तिथे लागले, तेव्हा माझं काम काय हे घरी कुणालाच धड सांगता येत नसे. आई शेजारणींना सांगायची, आमची पद्मजा कारखान्यात आकडे लिहिते. फारसं चुकीचं नव्हतं ते. फौंड्रीत पंपाच्या बॉड्या ओतल्या जायच्या आणि शंभरातल्या अकरा-बारा बाद व्हायच्या, कारण लोखंडात बारीक भोकं पडायची. ती का पडतात हे आकड्यांतून शोधून काढायला मला घेतलं होतं.

घेतलं होतं नाईकवडी साहेबांनी. ते प्रॉडक्शन मॅनेजर. वयाने माझ्या वडिलांएवढे, आणि एकेकाळी वितळलेलं लोखंड स्वतःच्या हातांनी ओतलेले. पहिल्या आठवड्यात त्यांनी माझ्याबरोबर अख्खी फौंड्री पालथी घातली. भट्टीपाशी कुठे उभं राहायचं, कुठे चुकूनही राहायचं नाही, कुणाशी चेष्टा चालते आणि कुणाशी नाही, सगळं सांगितलं. एका रविवारी घरी जेवायला नेलं आणि निघताना त्यांच्या मिसेसनी लोणच्याची बरणी हातात दिली. परक्या गावात खोली घेऊन राहणाऱ्या पोरीला आणखी काय लागतं? मी त्यांना साहेब म्हणायची, पण मनात काका म्हणत होते.

तीन महिन्यांनी कोअर शॉपचा सुपरवायझर दुसरीकडे गेला. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. आकडे कळणारी पोरं पैशाला पासरी मिळतात, ते म्हणाले, आणि माणसं सांभाळणारेही मिळतात, पण दोन्ही एकाच डोक्यात असलेलं माणूस मला अजून भेटलेलं नाही. तू कोअर शॉप घे. मी लगेच हरभऱ्याच्या झाडावर चढले. खरं सांगायचं तर आज कुणी तसं म्हटलं तरी चढेन.

कोअर म्हणजे वाळूचा घट्ट गाभा. पंपाच्या बॉडीत आतून पोकळी लागते. तिथे लोखंड शिरू नये म्हणून साच्यात आधी हा गाभा बसवायचा आणि लोखंड थंड झालं की ठोकून त्याचा चुरा करून काढून टाकायचा. म्हणजे आमच्या बायका दिवसभर खपून जी वस्तू करायच्या ती दुसऱ्या दिवशी पुन्हा वाळू होऊन ढिगात. त्यावरूनही त्या हसायच्या. स्वयंपाकासारखंच आहे म्हणायच्या, कितीही करा, उद्या परत चूल पेटवायचीच.

प्रत्येकीची खूण ठरलेली होती. कोअर ओली असतानाच तिच्या बुडाशी खिळ्याने खूण करायची, म्हणजे संध्याकाळी कुणाच्या किती ते मोजता यावं. शालनमावशींचं एक गोल, राजाक्काचा त्रिशूळ, छबूचा छ. दिवसाचं काम साठ कोअरचं. मी मागच्या सहा महिन्यांच्या नोंदी काढल्या आणि चक्रावले. चौदा बायका, आणि रोज प्रत्येकीच्या साठ. सोमवारी साठ, शनिवारी साठ, रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशीही साठ. माणसं अशी काम करत नाहीत. ज्या आकड्यांत चढउतार नसतो ते कुणीतरी बसवलेले असतात, एवढं माझ्या शिक्षणाने मला नक्की शिकवलं होतं.

मी जाऊन शालनमावशींच्या टेबलाशेजारी बसले, कोअर शिकायच्या निमित्ताने. मावशी बावन्न-त्रेपन्नच्या. हात सुरेख, पण उजवा खांदा धरलेला. वाळू ठासताना दर दोन कोअरनंतर त्या थांबायच्या आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितल्यासारखं करायच्या. दुपारी तीनला त्यांच्या जेमतेम सव्वीस झाल्या होत्या. चार वाजता राजाक्का उठली आणि आपल्या फळीवरच्या ओल्या सात-आठ कोअरवर तिने मावशींचं गोल काढलं. कुणाला काही विचारलं नाही, सांगितलं नाही. मग दुसरी उठली, मग तिसरी. पाच वाजता मावशींच्या साठ भरल्या.

“हे काय चाललंय?” मी विचारलं.

“सावड हाय ही,” राजाक्का म्हणाली.

माझ्या चेहऱ्यावरून काही कळलं नसावं असं दिसलं असणार, कारण तिने नीट समजावून सांगितलं. गावाकडे आज तुझ्या रानात आम्ही राबायचं, उद्या आमच्या रानात तू, तशीच ही सावड. कुणाला ताप असतो, कुणाचं पोर लहान असतं, कुणाचा खांदा धरलेला असतो. जिचं कमी पडेल तिच्या खुणेवर बाकीच्यांनी भर घालायची. कुणी कुणाला किती दिल्या याची नोंद कुणी ठेवत नव्हतं. राजाक्काच्या बाळंतपणात मावशींनी अख्खा उन्हाळा तिच्या त्रिशूळाचे साठ भरून काढले होते म्हणे, आणि ते पोर आता कॉलेजात होतं.

मला ते फार आवडलं आणि फार अडचणीचंही वाटलं. फौंड्रीत सगळे म्हणत होते की बायकांचा हात कच्चा, म्हणून कोअर खराब आणि म्हणून लोखंडाला भोकं. मला ते खरं वाटत नव्हतं. पण खोटं ठरवायचं तर कोअर कुणाची आणि दिवसाच्या कितव्या तासाची हे मला खरं कळायला हवं होतं. खुणाच अशा वाटून घातलेल्या असल्या तर काय कळणार! म्हणून दोन दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत मी वही घेऊन बसले आणि खरी खूण मागितली. मस्टरला, म्हणजे हजेरी आणि कामाच्या वहीत, साठ-साठच लागतील, ते कुणी बदलणार नव्हतं. खऱ्या खुणांचा तक्ता फक्त माझ्या कॉम्प्युटरवर राहणार होता.

शब्द देण्याआधी मी नाईकवडी साहेबांना विचारलं होतं, हे इथेच सांगून ठेवते. सावडीचं बोलले नाही, पण बायका खरी माहिती द्यायला घाबरतायत, नावं कुणाला देणार नाही असं मी त्यांना सांगू का, असं विचारलं. साहेब म्हणाले, “दे की शब्द. मी आहे ना पाठीशी.”

पुढचे सहा आठवडे माझ्या नोकरीतले सगळ्यात सुखाचे होते. छबू शिंत्रे माझ्या हाताखाली नोंदी करायला आली. अठ्ठावीस वर्षांची, बारावी झालेली, आणि चुणचुणीत. कोल्हापुरी बायकांसारखी स्वतःला ‘मी आलो, मी गेलो’ म्हणायची. कोअर साच्यात बसवताना ती शेजारी उभी राहून खूण, तास आणि साच्याचा नंबर लिहून घ्यायची आणि दुपारी माझ्याशेजारी बसून कॉम्प्युटरवर चढवायची. माऊस आधी दोन्ही हातांनी धरायची. चौथ्या आठवड्यात माझ्या बेरजेतल्या चुका दाखवायला लागली, आणि पाचव्या आठवड्यात म्हणाली, “मॅडम, ही बाद झालेली बघा. सगळी सकाळच्या पैल्या तासाची हायती. कुणाचीबी असूद्यात.”

मी बघितलं. खरंच होतं. हात कुणाचाही असो, त्रिशूळ असो नाहीतर गोल, बाद झालेल्यांतल्या बहुतेक कोअर पहिल्या तासातल्या होत्या. दोघी उठून वाळूच्या ढिगाकडे गेलो. ढीग पश्चिमेच्या भिंतीला लागून होता आणि भिंतीपलीकडे पाण्याची टाकी. टाकीचं पाणी झिरपून खालची वाळू ओली होत होती, आणि दिवसाची पहिली पाटी नेमकी तिथलीच उचलली जायची. लोखंड ओतल्यावर त्या ओलीची वाफ व्हायची आणि भोकं पडायची. ढीग पंधरा फूट अलीकडे सरकवला. महिन्याभरात शंभरातले बाराचे चार झाले.

“म्हंजे आमचा हात चांगला हाय, म्हणा की,” राजाक्का म्हणाली आणि सगळ्या हसल्या. त्या दिवशी प्रत्येकीच्या डब्यातलं मला खावं लागलं. आज पुण्यात नव्या पोरांना शिकवताना ही वाळूची गोष्ट मी दर वर्षी सांगते. आकडे आणि माणसं एकत्र कशी चालवायची याचा नमुना म्हणून सांगते. पोरं टाळ्या वाजवतात. गोष्ट मी तिथेच थांबवते.

तक्त्यात सात नंबरपुढे रोजची सरासरी होती अडतीस. अकरा नंबरपुढे एकाहत्तर. सात म्हणजे शालनमावशी, अकरा म्हणजे राजाक्का. मी ते पाहिलं, पण कोडं सुटल्याच्या आनंदात होते, त्यामुळे पाहून पुढे गेले.

साहेबांनी तक्ता मागितला. मालकांना दाखवायचा होता. नुसता निष्कर्ष दिला तर म्हणतील पोरीने गोष्ट रचली, ते म्हणाले, मूळ आकडे दे. मी दिले. त्यात नावं नव्हतीच, एक ते चौदा होते. मालकांसमोर साहेबांनी माझं इतकं कौतुक केलं की मला कुठे बघावं कळेना.

आठ दिवसांनी त्यांनी पुन्हा बोलावलं. चहा मागवला. मग सांगितलं की मालकांनी यंदाही प्रत्येक खात्यातून एक कंत्राटी माणूस कमी करायला सांगितलंय, ज्याचं काम सगळ्यात कमी ते. कोअर शॉपचं नाव ते गेली दोन वर्षं टाळत आले होते, कारण सगळ्यांचेच साठ, बोट ठेवणार कुणावर. आता मात्र कागद आहे.

त्यांनी टेबलावर माझा तक्ता ठेवला आणि त्याच्या शेजारी मस्टर.

“पंधरा आणि सोळा तारखेला तुझ्या तक्त्यात एरवी भरलेले दोन नंबर रिकामे आहेत. सात आणि अकरा. मस्टरला त्या दोन दिवशी दोघीच गैरहजर, राजाक्का आणि शालन. एकाच गावच्या, जत्रेला गेल्या असतील.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “बरोबर आहे ना माझं? तूच सांगत असतेस, रिकाम्या जागासुद्धा वाचायच्या असतात म्हणून.”

ते मी त्यांना खरंच सांगितलं होतं. याच टेबलावर, चहा पिताना, ऐटीत. आणि स्वतः तक्ता करताना मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं की मस्टर हातात असलेल्या माणसाला माझे नंबर उघडायला पाच मिनिटं पुरतील.

“साहेब, मी त्यांना शब्द दिलाय,” मी म्हणाले. “तुम्हाला विचारून दिलाय.”

“मग मी कुठे नाव विचारतोय तुला?”

साहेबांनी पेन उचललं. सात नंबरच्या पुढे त्यांनी शांतपणे लिहिलं, राजाक्का.

“हीच असणार,” ते म्हणाले. “तोंडाने चालते नुसती. उद्यापासून नको म्हणून कंत्राटदाराला सांगून टाकतो.” आणि त्यांनी फोन उचलून कानाला लावला.

माझ्या डोक्यात काय काय आलं ते मी नंतर हजार वेळा आठवून पाहिलं आहे. राजाक्काचा नवरा दोन वर्षं अंथरुणाला खिळलेला होता. ती गेली तर त्या घरात मिळवणारं कुणी नव्हतं. हे आलं मनात, नाही असं नाही. पण खरं सांगू का? त्याच्याही आधी मनात आलं की हे चूक आहे. दिवसाला एकाहत्तर कोअर करणारी बाई अडतीसच्या पुढे लिहिली जातेय, आणि तक्ता माझा आहे. चुकीचा आकडा समोर दिसत असताना गप्प बसायची मला सवयच नव्हती.

“राजाक्का नाही ती,” मी म्हणाले.

साहेबांनी फोन खाली ठेवला. लिहिलेलं नाव खोडलं. दुसरं नाव त्यांनी माझ्यासमोर लिहिलंही नाही, त्याची गरजच नव्हती. दोघींतली एक नव्हे म्हटल्यावर दुसरी कोण ते चौथीतल्या पोराला कळतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की फोन कानाला लावण्याआधी त्यांनी नंबर फिरवलाच नव्हता.

“तुम्ही मला फसवलंत,” मी म्हणाले. माझा आवाज चिरकला आणि त्याचीच मला जास्त लाज वाटली.

“असं समज हवं तर,” साहेब म्हणाले. ते रागावले नव्हते, उलट रविवारी जेवायला वाढताना बोलायचे तसेच बोलत होते. “मला एक नाव द्यायचंच होतं. चुकीचं गेलं असतं तर तुला बरं वाटलं असतं का?”

इतका विश्वास मी त्याआधी घराबाहेरच्या कुणावर टाकला नव्हता. माझ्या कामाची आवड, माझी ऐट, चूक दिसली की बोलून टाकायची माझी खोड, सगळं त्यांनी बघून ठेवलं होतं. त्यातलं काय कधी वापरायचं हेही ठरवून ठेवलं असावं. मला रडू आलं. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि म्हणाले की एक तारखेपासून तुला सेक्शन हेड करतोय, पत्र टाइप होतंय. मी ते पाणी प्याले. पत्र नको म्हणाले नाही.

शनिवारी शालनमावशींना कंत्राटदाराच्या माणसाने सांगितलं. त्यांनी आरडाओरडा केला नाही. आपला ॲप्रन धुऊन दोरीवर टाकला, खिळा टेबलाच्या फटीत खोचून ठेवला आणि पिशवी घेऊन माझ्यापाशी आल्या.

“माझं किती भरत हुतं वो, मॅडम? खरं?”

“अडतीस,” मी म्हणाले.

“अडतीस.” त्यांनी जरा विचार केला. “पन्नासला तरी पोचत आसंन, वाटलं हुतं.”

इतकी वर्षं साठ मोजून दिलेल्या बाईला आपण खरं किती करतो हे ठाऊकच नव्हतं. माझ्याशी त्यांचं वाकडं काही नव्हतं. उलट नीट राहा, दुपारचं उपाशी बसत जाऊ नका, असं सांगून त्या गेल्या. मला मारलं असतं तर बरं झालं असतं असं वाटलं.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी शेडमध्ये गेले. जाऊ नये असं वाटत होतं, पण गेले नसते तर जास्त दिसलं असतं. तेरा जणी बसल्या होत्या. डबे बंद होते.

राजाक्काने विचारलं. तिने दुसऱ्या कुणाला बोलू दिलं नाही.

“मॅडम, सायबाला मावशीचं नाव तुमी सांगितलंसा?”

मी साहेबांच्या केबिनमध्ये उच्चारलेलं नाव एकच होतं, आणि ते राजाक्काचं होतं. हे मी दोन रात्री स्वतःला सांगत आले होते. आता ते तयारच होतं.

“नाही,” मी म्हणाले. “मी मावशींचं नाव घेतलेलं नाही.”

“म्या म्हनलंच,” राजाक्का म्हणाली. “तुमी तसल्या न्हाई.”

तिने सुस्कारा सोडला. मग तेरातल्या बारा जणींची तोंडं हळूहळू छबूकडे वळली. ठाऊक दोघींनाच होतं. त्यांतली एक आत्ताच नाही म्हणाली होती.

“मी न्हाई,” छबू म्हणाली.

छबूने त्या बायकांकडे पाहिलंच नाही, ती माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेत राग नव्हता. शिकवणाऱ्या बाईंनी आता पुढचं सांगावं म्हणून वर्गातली मुलगी बघते तशी ती थांबली होती. मला तोंड उघडायचं होतं. एवढंच म्हणायचं होतं की छबू खरं बोलतेय. पण तेवढं म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, आणि मला ती खुर्चीही हवी होती आणि त्या गोलातली जागाही. मी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, जेवून घ्या, भोंगा व्हायला आलाय.

दुसऱ्या दिवसापासून खुणा परत पहिल्यासारख्या झाल्या, सगळ्यांच्या साठ. खरं मागायची माझी हिंमत नव्हती आणि द्यायची त्यांची इच्छा नव्हती. साहेबांनाही त्याचं काही नव्हतं, त्यांचं काम झालं होतं. छबू नोंदी सोडून स्वतःहून टेबलावर परत गेली होती. बायका तिच्याशी भांडल्या नाहीत, तिला टोमणे मारले नाहीत. ती बसली की फक्त जरा सरकून घ्यायच्या. श्रावणात तिला आठवडाभर ताप होता, तरी ती येत राहिली. त्या आठवड्याच्या मस्टरला बारा जणींच्या साठ आहेत आणि तेराव्या ओळीत चव्वेचाळीस, एक्केचाळीस, एकोणचाळीस. कुणीही तिच्यासाठी छ काढला नाही. ते कागद सह्यांसाठी माझ्याकडेच यायचे.

दसऱ्याच्या आधी ती माझ्या केबिनमध्ये आली. मला आता केबिन होती. नोंदींच्या कपाटाची किल्ली तिच्याकडे राहिली होती, ती तिने टेबलावर ठेवली आणि शेजारी नोकरी सोडल्याचा अर्ज. शिरोलीला एका दुकानात बिलांचं काम मिळालंय म्हणाली, कॉम्प्युटर येतो म्हणून घेतलं. मी म्हणाले की जाऊ नकोस, मी बायकांशी बोलते.

“काय बोलशीला?” तिने विचारलं.

मी किल्ली उचलली आणि परत खाली ठेवली.

“मॅडम, दोघींनाच ठाव हुतं. मी सांगितलं न्हाई, येवढं तरी मला पक्कं ठाव हाय.” ती अगदी हळू बोलत होती, आमच्या जुन्या दुपारी बेरीज तपासताना बोलायची तशी. “मग ऱ्हायलं कोण, ते काय सांगाय पायजे व्हय?”

“मग त्यांना का नाही सांगितलंस?”

“माझं कुणी ऐकलं आसतं?” ती म्हणाली. “आणि मला वाटलं, तुमी सांगशीला. आज न्हाई तर उद्या. म्हणून थांबलो. दोन म्हैनं थांबलो, मॅडम.”

बाहेर भोंगा झाला आणि बायका शेडकडे निघाल्या. काचेतून त्या दिसत होत्या, राजाक्का सगळ्यांत पुढे. दार उघडंच होतं. उठून दहा पावलं चालायचं होतं.

छबूने तेवढा वेळ वाट पाहिली. मग अर्ज माझ्याकडे सरकवला आणि जिथे सेक्शन हेडची सही लागायची तिथे बोट ठेवलं. मी पेन शोधलं आणि सही केली.